हनुवटीवरचा उजेड

३ एप्रिल २०१९, बुधवार

आज जमलं एकदाचं. ह्यांचा बँकेतल्या निरोपाच्या दिवशीचा फोटो घेतला आणि त्याचं अस्सल तैलचित्र करून टाकलं. आमच्या मुलानं, शंतनूनं, पुण्याला जाताना टाकून दिलेला लॅपटॉप, यूट्यूबवरचा एक हिंदी बोलणारा मुलगा आणि मी, एवढ्यावर. तो मुलगा 'तो दोस्तों' म्हणतो आणि वाऱ्यासारखा पुढं पळतो. मी त्याला थांबवत, मागं ओढत, माझ्या चालीनं शिकते. आधी चेहरा स्वच्छ करायचा, मग तैलरंगाचा फिल्टर, मग ब्रशचे फटकारे कमीजास्त करायचे. केसांत जरा सढळ, डोळ्यांत अजिबात नाही. डोळ्यांत फटकारे गेले की माणूस झोपेतून उठवून आणल्यासारखा दिसतो.

ह्यांनी चष्मा वरखाली करून पाहिलं. "हा कोण? माझा धाकटा भाऊ?"

"तुम्हीच."

"मग माझी चामखीळ कुठं गेली? जन्मभर सांभाळलीय ती. आणि हे कपाळ आहे का पोळपाट?"

"शोभून दिसतंय म्हणून काढली."

"दिसतंय खरं. आता हार घालून भिंतीवर लाव, म्हणजे मी मोकळा."

असू दे. मनातून हे खूश होते. जेवताना दोनदा बघून आले.

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बोअर घेतायत. पहिला कोरडा गेला, आता दुसरा. दिवसभर घरघर आणि वर येते ती नुसती पांढरी धूळ. लॅपटॉपवर ह्यांचा पंचा टाकून ठेवते.

९ एप्रिल, मंगळवार

गल्लीत बातमी फुटली. सकाळपासून तिघीजणी येऊन गेल्या. कुणाला सासऱ्यांचं चित्र हवं, कुणाला नातवाचं कृष्णाच्या वेशातलं. या वयात कुणी आपली वाट बघतंय, ह्याचं काय सुख असतं ते मलाच माहीत.

संध्याकाळी खालच्या कडूबाई आल्या. हे लोक मूळचे कन्नड तालुक्यातले. त्यांचे यजमान बद्रीनाथ वाळूजला कंपनीत आहेत, मुलगी सोनिया गारखेड्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तिचा हात एवढा हलका की ह्यांना सुई टोचलेली कळत नाही. आमच्याकडे भाड्यानं राहायला आले तेव्हा ती शाळेत होती.

"काकू, सोनीचा बायोडाटा करून द्या ना," कडूबाई म्हणाल्या. "मागल्या खेपी त्या कॅफेवाल्यानं गणपतीच एवढा मोठा टाकला की पोरगी बारीक झाली!"

मागून सोनियाच आली. फोनमधून दोन फोटो तिनं मला दिले. एक बाजूनं काढलेला, बुचाच्या झाडापाशी, फार गोड. दुसरा अगदी समोरून, घरात. मी म्हटलं, झाडापाशीचा लावू.

"छान आहे, पण समोरचाच लावा काकू. रंग भरा, पेंटिंगसारखा करा, काय करायचं ते करा. पण आहे तशी ओळखू आले पाहिजे."

"अगं, तू ओळखू नाही येणार तर कोण येणार?"

"दोन जागांनी फोटो बघून नाही म्हणून कळवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन, चहा पिऊन नाही म्हणण्यापेक्षा ते बरं. ज्याला चालंल तोच दारात येईल."

पोरगी मोठी समजूतदार. तिच्याशी बोलताना मी कायम तिच्या डोळ्यांकडे बघते, नाहीतर कानातल्याकडे. तिला संकोच वाटू नये म्हणून. इतकी वर्षं ते खाली राहतात, पण मी कधी एका शब्दानं काही विचारलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

बायोडाटा झाला. मजकूर सोनियानं सकाळी कामावर जाताना वर येऊन वाचला. उंची चुकली होती, ती दुरुस्त केली. फोटोची चौकट तेवढी रिकामी होती. मी म्हटलं, तू जा, मी बसवून पाठवते.

समोरून काढलेल्या त्या फोटोत उजेड नीट आलेला नाही. हनुवटीवर आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी पांढरा पडलाय, फ्लॅशचा असावा. बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते, तिचे एवढे बोलके डोळे राहतात बाजूला. मग तो यूट्यूबवाला शिकवतो तसं केलं. गालावरचा चांगला भाग उचलायचा आणि नको तिथं बोट फिरवल्यासारखा फिरवायचा. परकं काही घातलं नाही मी. तिच्याच गालाची कातडी तिच्याच हनुवटीला. वरून अगदी हलका तैलरंग. लग्नाचा फोटो, फार चित्रासारखा नको.

कडूबाईंना बोलावलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराला हात पुसून पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर हनुवटीवर.

"अशीच होती ओ ही. सातवीत जायच्या आधी."

"उजेड नीट केला की चेहरा उठून दिसतो," मी म्हटलं.

"सोनीला दावलं का?"

"तिला काय दाखवायचं? तिचाच तर फोटो आहे."

"व्हय," म्हणाल्या. आणि फोन माझ्यापुढं धरला. त्यांच्या समाजाच्या वधूवर ग्रुपवर टाकायचं त्यांना जमेना, मग मीच टाकून दिलं.

आज पाणी आलं. टाकी निम्मीच भरली.

२२ एप्रिल, सोमवार

टँकर आला होता. खाली गेले तर सोनिया हौदात नळी धरून उभी. चेहरा असा फुललेला, की मला आधी वाटलं पगार वाढला.

"काकू, कन्नडचं स्थळ आलंय. शिवम नाव. साखर कारखान्यावर वजनकाट्याला आहे. रविवारी येतायत."

"अगं बाई! पेढे कुठंत?"

"पेढे नंतर." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "फोटो बघून येतायत काकू. बघून."

दोनदा म्हणाली. नळीतलं पाणी हौदाबाहेर सांडत होतं तरी तिला भान नव्हतं, ह्या टंचाईत. मी नळी सरळ केली.

वर आले ती पंख्याखाली बसूनच राहिले. उन्हात उभी राहिले त्यानं असेल. ताक प्यायले. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. तिला सांगावं का, असं एकदा वाटून गेलं. पण सांगणार काय? उजेड काढला, एवढंच ना? आणि एकदा त्या लोकांनी तिला प्रत्यक्ष पाहिली, तिचं बोलणं ऐकलं, की फोटो कुणाच्या लक्षात राहतोय.

२८ एप्रिल, रविवार

आज लिहवत नाही.

२९ एप्रिल, सोमवार

कडूबाईंनी मला आग्रहानं खाली बसवलं होतं. "तुम्ही असल्या की पाव्हण्यांवर छाप पडंल," म्हणाल्या. ह्यांना मधुमेह, चिवडा-चहा समोर बघवत नाही, म्हणून हे वरच राहिले.

जीपमधून तिघं आले. मुलगा शिवम, त्याचे वडील सखाराम आणि आत्या सारजाबाई. बोलत्या त्या एकट्या सारजाबाईच. आल्या आल्या कंबर धरून म्हणाल्या, "शहर कुठून चालू झालं तेच कळंना बाई! दौलताबादपासून नुसते प्लॉटच प्लॉट. माणसं कमी नि पाट्या जास्त." सगळे हसलो. मुलगाही हसला. मला बरा वाटला, शांत.

सोनिया चहा घेऊन आली. तिनं ना पावडर लावली होती, ना काही. सरळ मान वर करून आली. शिवमला चहा देताना तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. आमच्या वेळी असं कुणी बघत नव्हतं. मला कौतुक वाटलं.

"जवळ ये गं," सारजाबाई म्हणाल्या. "हनुवटीला काय लागलं? चुना लागला का पीठ?" आणि पदराचं टोक ओलं करून अंगठ्यानं पुसायला लागल्या. मायेनंच पुसत होत्या.

सोनिया हलली नाही. "लागलं नाही आत्या. कोड आहे ते. फोटोत दिसतंय ना."

"फोटोत?"

सारजाबाईंनी पिशवीतून फोन काढला, नाकापासून लांब धरला, मग सखारामांना दाखवला. मग सोनियाच्या हातात दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. हनुवटीनं सगळा पडदा भरला. माझं काम चांगलंच झालं होतं, एवढं मोठं करूनही कुठं जोड दिसत नव्हता.

"असं असतंय कुणाला," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्या चुलतबहिणीला होतं. त्याला काय कुणाचा इलाज? पण सांगून करावं ना गं माय. आम्ही काय मुकं जनावर घ्यायला आलो का, की दात झाकून दावावं?"

"मी झाकलं नाही," सोनिया म्हणाली.

"मग काय फोननं झाकलं?"

तेव्हा सोनियानं वळून आईकडे बघितलं. कडूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली, सतरंजीकडे बघत राहिल्या. बद्रीनाथ नुसतेच, "पाव्हणं, बसा, बसा तर खरं," करत होते. त्या माणसाला तर कशाचाच पत्ता नव्हता.

आणि मी. माझ्या हातात चिवड्याची बशी होती. मी तोंड उघडलं. आता बोलायचंच, असं ठरवून उघडलं. त्यातून निघालं ते, "चिवडा तरी घ्या ना."

सखारामांनी हात जोडले. शिवम शेवटी उठला. दारातून एकदा वळून बघितलं त्यानं, पण तोवर सोनिया कप गोळा करायला लागली होती.

१ मे, बुधवार

सुट्टी, म्हणून खाली सगळी घरात. जिन्यातून आवाज वर येतो. ऐकायचं नव्हतं, पण दारही लावलं नाही.

"तूच सांगितलं असशील काकूंना. त्या कशाला आपल्या मनानं करतील? तुलाच माझी लाज वाटती आई. लोकांना नाही, तुला."

कडूबाईंनी माझं नाव घेतलं नाही. भांडी घासत राहिल्या.

"मी वेड्यासारखी सगळ्यांना सांगत सुटले, बघून येतायत म्हणून!"

बद्रीनाथ म्हणाले, "ग्रुपवर तर मला लबाड ठरवून मोकळे झालेत. फोटो बदलून पोरी खपवतो म्हणं मी."

दुपारी कडूबाई ताकाचं भांडं परत द्यायला आल्या. मी विचारलं, "तुम्ही सोनियाला खरं का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव कसं घेऊ काकू? तुम्ही किती मायेनं केलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती मोठ्या मनाची बाई. मग जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "काका करार करतील ना ओ परत? जूनमधी संपतोय." कुठलं कुठं बोलल्या! मी म्हटलं, करतील की, त्याचं काय आत्ता.

३ मे, शुक्रवार

कडूबाईंचं करारावरचं बोलणं ह्यांना सहज सांगितलं. हे वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"अंबिका, तुला कळत नाही का? तुझं नाव घेतलं तर आपण घर खाली करायला लावू, असं वाटतंय तिला."

"मी असं कधी करीन का?"

"तू नाही करणार. पण तिनं कशावर विसंबायचं?" मग म्हणाले, "माझी चामखीळ काढलीस तेव्हा मी थट्टेवारी नेलं. तेव्हाच विचारायला हवं होतं, कुणाला विचारून काढलीस." आणि मग, "मला एक सांग. तुला तो खरंच फ्लॅश वाटला?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली.

इथं तरी लिहिते. फ्लॅश नव्हता. कोड आहे. ती शाळेत होती तेव्हा ओठाच्या कोपऱ्याशी ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत हनुवटीवर उतरलं. मला माहीत होतं. ह्या वहीत माझ्याशिवाय कुणी डोकावत नाही, तिथंसुद्धा मी उजेड म्हणून लिहिलं. ती आहे तसा लावा म्हणाली, मी हो म्हटलं, आणि तिची पाठ वळताच काढून टाकलं. भलं करतेय, असं वाटत होतं. तिचं भलं तिनं मला सांगितलं होतं की, स्वच्छ शब्दांत.

आणि त्या दिवशी हौदापाशी ती दोनदा म्हणाली, बघून येतायत. मी ताक प्यायले.

४ मे, शनिवार

सोनिया कामावरून आली तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. वर बोलवायचा धीर झाला नाही. तिथंच सांगितलं, तुझ्या आईनं सांगितलं नव्हतं. मी केलं.

ती स्कूटीवरून उतरलीसुद्धा नाही. "तुम्हाला माहीत होतं, ते काय आहे?"

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं बघून येतायत, तेव्हा पण?"

"हो."

"आणि आई रोज माझं ऐकून घेत होती, ते वर ऐकू येत होतं?"

मी मान हलवली.

माझा आणखी काही बोलायचा बेत होता, सगळा विसरले. म्हटलं, "मी पुन्हा करते. आहे तसं करते, अगदी जसंच्या तसं. बस माझ्याशेजारी, तू सांगशील तसं."

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या तोंडाला आता हात लावू नका काकू."

स्कूटी आत लावून निघून गेली. बोअरवाल्यांनी मशीन बंद केलं होतं, म्हणून तिच्या दाराची कडीसुद्धा फाटकापर्यंत ऐकू आली.

६ मे, सोमवार

दोन दिवस एकच विचार. तिचं लग्न माझ्या हातात नाही. पण तिच्या आईबापाला चारचौघांत लबाड म्हणतायत, ते तरी खोडता येईल. कडूबाईंना म्हटलं, तुमच्या ग्रुपवर मला बोलू द्या, माझ्या आवाजात. त्या घाबरल्या. "तुमच्यासारख्या बाईनं कशाला ओ?" मग सोनियाला विचारून आल्या. ती म्हणाली, बोलू दे. पण मी खोलीत थांबणार नाही.

पहिल्या खेपेला 'नमस्कार' म्हटलं आणि बोट उचललं. दुसऱ्या खेपेला मी इतकी लांबण लावली की हे म्हणाले, "कीर्तन नकोय. आधी नाव सांग. नाव न घेता चूक झाली म्हणायला काय लागतं?"

मग बोलले: "नमस्कार. मी अंबिका पैठणकर, पुंडलिकनगरला राहते. बद्रीनाथभाऊ माझ्याकडे भाड्यानं राहतात. सोनियाच्या फोटोतलं हनुवटीवरचं कोड मी काढलं. तिनं आहे तसा फोटो लावायला सांगितला होता. मी तिला न विचारता बदलला, न विचारता पाठवला. तिच्या आईवडिलांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. ते लोक लबाड नाहीत. बिचाऱ्या पोरीचा तर काडीचाही दोष नाही. चूक माझी आहे. मी सगळ्यांची माफी मागते."

कडूबाईंनी माझ्यासमोर फोटो बघितला होता, ते त्यात बोलले नाही. ते त्यांनी मुलीला सांगायचं का नाही, त्यांचं त्यांनी ठरवावं.

बोट दाबून पाठवून दिलं. त्या ग्रुपवर अडीचशे माणसं आहेत म्हणे. एकही मला ओळखत नाही, आणि आता ओळखतील ती अशी.

७ मे, मंगळवार

अक्षय तृतीया. पुरण केलं, गोड लागेना.

दुपारी कडूबाई फोन घेऊन आल्या. बऱ्याच लोकांनी हात जोडलेलं चित्र टाकलंय. एकानं लिहिलंय, 'बद्रीनाथराव, आमचा गैरसमज झाला.' ते बद्रीनाथांनी तीनदा वाचून घेतलं म्हणे. एकानं लिहिलंय, 'म्हाताऱ्या बायांच्या हातात फोन दिले की असंच.' आणि एका पोरानं, 'मावशी, माझा पण फोटो गोरा करून द्या, जमीन कमी आहे.' त्याखाली हसणारे चेहरेच चेहरे. मी सगळे वाचले. वाचायलाच हवे होते.

सारजाबाईंचाही फोन येऊन गेला. कडूबाईंनी तसंच्या तसं सांगितलं. "आमचा पोरगा जेवणावरून उठतोय ओ. म्हणतो, ती बाई खरं बोलली, तर आपण एक डाव परत जाऊ. काय म्हणता?"

"मग?" मी विचारलं. माझा जीव केवढा आशेला लागला.

"सोनीनं फोन घेतला माझ्या हातातून. म्हणली, त्याला माझा खरा फोटो पाठवते. तो बघून पहिल्यांदाच यायचंय असं समजायचं, नि मग ठरवायचं. आलाच पाहिजे असं नाही." कडूबाई पदर चाचपत म्हणाल्या, "पाठवला बी. समोरून काढलेला. अजून काय उत्तर नाय."

थोड्या वेळानं सोनिया वर आली. मला वाटलं पुरणपोळीचं ताट ठेवायला आली असेल, कडूबाईंकडचं. हात रिकामे होते. दारातच उभी राहिली. मी पहिल्यांदा तिच्या सगळ्या चेहऱ्याकडे बघितलं, कानातल्याकडे नाही.

"ऐकला मी तुमचा निरोप."

"बरोबर बोलले का गं?"

"बोललात. सगळं बरोबर बोललात." मग म्हणाली, "मध्येच 'बिचारी' कशाला घातलं?"

मला आठवेना कुठं घातलं. मग आठवलं. "अगं, तोंडातून गेलं. चुकून."

"चुकून नाही काकू," ती म्हणाली. रागानं नाही. रक्त घ्यायला ह्यांच्या दंडाला पट्टी बांधताना बोलते तशी. आणि खाली गेली.

कडूबाई फोन इथंच विसरून गेल्या होत्या. तो निरोप मी पुन्हा लावला. 'लबाड नाहीत' म्हणते तिथं आवाज खणखणीत आहे, 'चूक माझी' म्हणते तिथं कापरा. आणि 'बिचाऱ्या पोरीचा' म्हणताना किती मऊ, किती मायाळू झालाय.